डेड पिक्सेलचा हिशेब विक्रीआधी सांगा: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय: मॉनिटरमधील डेड पिक्सेल, विक्रीपूर्वी लपून राहणारी ‘पिक्सेल पॉलिसी’ आणि माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क

महोदय,

नवा मॉनिटर खोक्यातून काढला, सुरू केला आणि पांढऱ्या पडद्याच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. पडद्यावरचं चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलांचं बनतं, त्यांतला हा एक मेलेला, ‘डेड’ पिक्सेल. पुसला तरी जात नाही, केबल बदलली तरी जात नाही. हा माल सदोष आहे की नाही? रस्त्यावरच्या कोणालाही विचारा, तो ‘आहे’ म्हणेल. मॉनिटर बनवणाऱ्या कंपन्या मात्र विचारतात, ‘ठिपके किती?’ आणि किती ठिपक्यांपर्यंत माल चांगला समजायचा तो आकडा त्यांनी स्वतःच ठरवून ठेवलेला असतो. हीच त्यांची ‘पिक्सेल पॉलिसी’. पैसे देताना तो आकडा ग्राहकाला कोणी सांगत नाही. भांडण सुरू झालं की मगच तो बाहेर येतो. या एका गोष्टीत प्राधिकरणाने हात घालावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. घरूनच करते आणि पोट त्याच्यावरच आहे. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये एका ऑनलाइन बाजारपेठेवरून चोवीस इंची मॉनिटर घेतला. पांढऱ्या पानावर त्यात एक काळा ठिपका होता आणि काळ्या पडद्यावर कोपऱ्याजवळ एक हिरवा ठिपका सतत पेटलेला होता. दोन्ही पहिल्याच दिवशी दिसले. फोटो काढून परतीची मागणी नोंदवली तेव्हा समजलं की या वस्तूला रिफंड नाही, फक्त रिप्लेसमेंट आहे आणि तीही कंपनीच्या माणसाने पाहून मान्य केली तरच. तो माणूस आला. सभ्य होता. पडदा पाहून म्हणाला, “मॅडम, ठिपका आहे, मला दिसतोय. पण पॉलिसीत पाच लागतात. मी वर पाठवतो, पण रिजेक्ट होईल.” पाच कुठे लिहिलंय, असं विचारल्यावर त्याने फोनवर कंपनीचं एक इंग्रजी पान शोधून दाखवलं. वस्तूच्या जाहिरातीत, बिलावर, खोक्यावर किंवा वॉरंटी कार्डावर या आकड्याचा कुठेही उल्लेख नव्हता. मागणी नामंजूर झाली आणि तोवर परतीची मुदतही उलटली.

एका ठिपक्याने काय बिघडतं, असं अनेक जण विचारतात. देवनागरीत ठिपका हे अक्षराचंच अंग आहे. पान शंभर टक्क्यांवर पाहताना अनुस्वार एक-दोन पिक्सेलांचाच असतो. मेलेला पिक्सेल अक्षराच्या डोक्यावर आला की ‘वदन’चं ‘वंदन’ दिसतं, आणि पान किंचित सरकवलं की तो अनुस्वार दुसऱ्याच ओळीवर जाऊन बसतो. दिवसभर ज्याचं काम ठिपके तपासण्याचं आहे, त्याला हा ठिपका विसरता येत नाही. छायाचित्रं सुधारणाऱ्याला, नकाशे काढणाऱ्याला, कापडाची डिझाइन करणाऱ्यालाही तो असाच नडतो. आणि समजा, नाही नडला, नुसतं सिनेमे पाहायलाच मॉनिटर घेतला, तरी पूर्ण किमतीत पूर्ण वस्तू मिळायला हवी ना?

हा दोष येतो कुठून, तेही सांगायला हवं, कारण ग्राहकानेच काही केलं असेल असा सूर सर्व्हिस सेंटरवर फार लवकर लागतो. एलसीडी पडद्यात प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल असतात आणि प्रत्येक उपपिक्सेलमागे काचेवर बसवलेला एक अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. उपपिक्सेल झाले ६२ लाखांहून जास्त. काचेवर थर चढवताना धुळीचा एखादा कण अडकला, जोडणी तुटली किंवा दोन जोडण्या एकमेकींना चिकटल्या, की तो ठिपका एक तर कायमचा काळा राहतो किंवा कायमचा पेटलेला राहतो. पडद्यावर जोराचा दाब आला तर वापरातही पिक्सेल बिघडू शकतो, हे खरं आहे. पण पहिल्यांदा सुरू करतानाच दिसलेला ठिपका कारखान्यातून किंवा वाहतुकीतून आलेला असतो. पेटून राहिलेला ठिपका रंग झपाझप बदलणारा व्हिडिओ लावून कधीकधी सुटतो. काळा पडलेला बहुतेक वेळा सुटत नाही. कापडाने दाबून पाहा, असा सल्ला काही जण देतात, तो कोणी मानू नये. दाबामुळे शेजारचे पिक्सेल जातात आणि मग ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून वॉरंटीच नाकारली जाते.

कंपन्यांच्या आकड्यांमागे बहुधा एका आंतरराष्ट्रीय मानकाचा हवाला असतो. आयएसओ १३४०६-२ हे सपाट पडद्यांचं मानक २००१ मध्ये आलं. त्यात पडद्यांचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही सदोष पिक्सेल चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम काळे आणि पाच उपपिक्सेलचे दोष चालतात. बाजारातले बहुतेक मॉनिटर या दुसऱ्या वर्गाच्या आधाराने विकले गेले. २००८ मध्ये या मानकाची जागा आयएसओ ९२४१ मालिकेने घेतली, पण वर्गांची कल्पना तशीच राहिली.

या हिशेबाकडे प्राधिकरणाने नीट पाहावं. २००१ च्या सुमारास बऱ्याच पडद्यांवर १०२४ गुणिले ७६८, म्हणजे आठ लाखांहून कमी पिक्सेल असत. दहा लाखांमागे दोन म्हणजे तेव्हा अख्ख्या पडद्यावर एखाद-दुसरा ठिपका. तोच दर आज फोर-के पडद्याला लावला तर ८२,९४,४०० पिक्सेलांमागे सोळा पेटलेले आणि सोळा काळे ठिपके ‘चालतात’, शिवाय चाळीसहून जास्त उपपिक्सेलचे दोष. ग्राहक जास्त पैसे मोजून जास्त बारकाईचा पडदा घेतो आणि त्याने निमूट सोसायच्या दोषांची संख्याही त्याच पटीत वाढते. मुळात हे मानक डोळ्यांना आणि शरीराला काम सुसह्य व्हावं यासाठीच्या, म्हणजे एर्गोनॉमिक्सच्या मालिकेतलं. पडदा कोणत्या वर्गातला आहे हे सांगायची एक सामायिक भाषा त्याने दिली. विकलेला माल परत घेऊ नये, असं ते कुठेही सांगत नाही. भारतात तो कायदाही नाही. मॉनिटरच्या पाठीवर भारतीय मानक ब्युरोचा जो नोंदणी क्रमांक असतो, तो विजेच्या सुरक्षिततेबद्दल बोलतो. ठिपक्यांबद्दल त्यात काही नाही.

मग आपला कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे. मालाच्या दर्जात, प्रमाणात किंवा मानकात राहिलेली कोणतीही त्रुटी, अपूर्णता किंवा उणीव म्हणजे दोष. आणि तो दर्जा कायद्याने ठरलेला असो, उघड किंवा गर्भित कराराने ठरलेला असो, की विक्रेत्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्यातून आलेला असो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१९२० × १०८०’ छापणं हा दावाच आहे. इतके ठिपके मिळतील आणि ते चालतील, असाच त्याचा अर्थ कोणीही घेईल. त्यातले काही मेलेले निघाले तर दाव्यात उणीव राहिली. वेबसाइटच्या तळघरात ठेवलेलं पॉलिसीचं पान हा दावा विक्रीनंतर कमी करू शकत नाही, कारण ते पान कराराच्या वेळी ग्राहकापुढे नव्हतं.

ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे नियम तर आणखी स्पष्ट आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं त्यात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही, असं नियम ६ सांगतो. बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, असं नियम ४ सांगतो. दुकानातून घेतलेल्या मालालाही संरक्षण आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारलेलं बिल आजही गावोगाव मिळतं.

म्हणजे कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, आणि तरी ग्राहक हरतो, तो एकाच शब्दापाशी. ‘सदोष’ हा शब्द कायद्यात आहे. पण मॉनिटरच्या बाबतीत त्याचा अर्थ कंपनीच लावते. ‘आमच्या व्याख्येनुसार हा दोष नाही,’ असं एकदा म्हटलं की पुढचे सगळे नियम लागूच होत नाहीत. ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे त्यानेच गुन्ह्याची व्याख्या करायची, असं दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आपण चालवून घेतो?

तपासून घेण्याची रीत आपल्या बाजारात जुनी आहे. बल्ब घ्यायला गेलं की दुकानदार तो होल्डरला लावून, पेटवून दाखवतो आणि मगच खोक्यात घालतो. शंभर रुपयांच्या बल्बला ही तपासणी मिळते आणि पंधरा-वीस हजारांच्या मॉनिटरला मिळत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काही दुकानदार विनंती केली तर मॉनिटर लावून दाखवतात. बरेच जण ‘सील तोडलं की माल तुमचा’ असं सांगतात. पुढे काही निघालं तर ‘डीओए’साठी, म्हणजे माल मुळातच बिघडलेला आल्याच्या दाखल्यासाठी, सर्व्हिस सेंटरला जावं लागतं, आणि तिथे पुन्हा तेच पाच ठिपके आडवे येतात. दुकानदाराचीही यात कुचंबणा आहे. कंपनीने माल बदलून दिला नाही तर तो त्याच्या अंगावर पडतो. म्हणून जबाबदारी फक्त काउंटरवरच्या माणसावर ढकलून हा प्रश्न सुटायचा नाही. ती वर, उत्पादकापर्यंत पोचली पाहिजे.

आणखी एक अडथळा माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. बिलावर व्यवसायाचं नाव दिसलं की ‘ही व्यावसायिक खरेदी आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं उत्तर मिळतं. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात हे साफ लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच आहे. अक्षरजुळणीकार, शिंपी, रिक्षावाला, घरी शिकवणी घेणारी बाई, सगळे त्यात येतात. हे वाक्य तक्रार निवारणाच्या प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरांत असावं, असं मला फार वाटतं. या एका उत्तरावर किती जण मुकाट्याने मागे फिरत असतील!

यावर ‘ग्राहक आयोगात जा’ असं सांगितलं जाईल. जाता येतं, आणि लोकांनी जावंही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या फोन क्रमांकावर त्याआधी तडजोडीचाही प्रयत्न करता येतो. कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला, किंमत परत करायला किंवा त्याच वर्णनाचा नवा आणि कोणताही दोष नसलेला माल द्यायला सांगू शकतो. ‘नवा’ आणि ‘कोणताही दोष नसलेला’ हे दोन्ही शब्द कायद्यातले आहेत. बदली म्हणून दुरुस्त केलेला जुना नग पाठवणाऱ्यांनी ते वाचावेत.

पण एका मॉनिटरसाठी किती जण तारखांना जातील? चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि गरज असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या ठिपक्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाचा आग्रह धरला की प्रकरण पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जातं. शिवाय पिक्सेल पॉलिसीची अट हाच मुळात अनुचित करार आहे, असं म्हणायचं असेल तर ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. कलम ४७ नुसार राज्य आयोगात जावं लागतं. साताऱ्यातल्या किंवा गोंदियातल्या माणसाने पंधरा हजारांच्या वस्तूसाठी राज्य आयोगाची वाट धरावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. एकेकट्याने लढून सुटावा असा हा प्रश्न नाही. ग्राहकांच्या हक्कांचं ‘वर्ग म्हणून’ रक्षण करण्याचा अधिकार कलम १८ ने आपल्याला दिला आहे, आणि अनुचित प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचाही. हॉटेलांतल्या सेवाशुल्काबाबत आपण २०२२ मध्ये ती काढलीत. डार्क पॅटर्नबाबत, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या वेबसाइटच्या मांडणीबाबत, २०२३ मध्ये आधी मसुदा लोकांपुढे ठेवला गेला आणि ३० नोव्हेंबरला अंतिम तत्त्वं अधिसूचित केलीत. तेरा प्रकारांच्या त्या यादीत महत्त्वाची माहिती झाकून ठेवणाऱ्या मांडणीचाही समावेश आहे. पिक्सेल पॉलिसी शोधायला ग्राहकाला विक्रीनंतर कंपनीच्या वेबसाइटवर भटकावं लागतं, हे त्याहून फार वेगळं आहे का?

प्रत्येक पडदा निर्दोष निघालाच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. लाखो ट्रान्झिस्टर एका काचेवर बसवताना काही चुकणारच. सगळे सदोष पडदे फेकून दिले तर किमती वाढतील, हा उत्पादकांचा मुद्दाही मला खोटा वाटत नाही. पण मग एक-दोन ठिपके असलेला पडदा तसं सांगून, थोड्या कमी किमतीत विकावा, घेणारे भेटतील. आणि हमी देणं अशक्य आहे, असंही नाही. डेल कंपनी आपल्या अल्ट्राशार्प मालिकेतल्या मॉनिटरमध्ये वॉरंटीच्या काळात एकही पेटलेला पिक्सेल आढळला तर पडदा बदलून देण्याची हमी जाहीरपणे देते. महागड्या मालिकेला जे परवडतं ते स्वस्त मालिकेला तसंच्या तसं परवडणार नाही, हे मान्य. पण काय मिळणार आणि काय नाही, हे आधी सांगायला पैसे पडत नाहीत. मालाच्या दर्जाची आणि मानकाची माहिती मिळण्याचा हक्क कलम २(९) मध्ये आहेच, आणि त्या हक्काला अर्थ आहे तो पैसे देण्याआधी.

म्हणून मागणी अशी. मॉनिटर, लॅपटॉप, टीव्ही आणि टॅब यांच्या पडद्यांबाबत प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढावीत. किती आणि कोणत्या प्रकारचे सदोष पिक्सेल कंपनी ‘चालतात’ असं समजते, तो आकडा दर दहा लाखांमागे अशा आडवळणाच्या भाषेत न देता त्या पडद्यापुरता सरळ द्यावा. ऑनलाइन असेल तर किमतीजवळ आणि दुकानात असेल तर खोक्यावर. जिथे आकडा आधी सांगितला नसेल तिथे तो शून्य धरावा. माझ्या दृष्टीने ही अट सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण लपवण्यात फायदा उरला नाही की कंपन्या आपोआप सांगू लागतील.

माल मिळाल्यापासून तीस दिवसांत दिसलेल्या दोषासाठी बदली घ्यायची की पैसे, हे ग्राहकाने ठरवावं. यूरोपीय संघात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देताही परत करता येते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष माल तीस दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. आपल्याकडे तीस दिवसांचा उल्लेख कायद्यात आधीच आहे, फक्त पडद्यांच्या बाबतीत तो जिवंत व्हायला हवा. ‘फक्त रिप्लेसमेंट’ ही अट सदोष मालाला लावता येणार नाही, हेही शब्दांत लिहावं.

तपासायला येणाऱ्या माणसाने जे पाहिलं ते लेखी, फोटोसह आणि त्याच वेळी ग्राहकाच्या हाती द्यावं. ठिपका त्याला दिसतो, तो तोंडाने कबूलही करतो, आणि कंपनीच्या नोंदीत मात्र ‘दोष आढळला नाही’ एवढंच उरतं. कागद हातात असला तर जिल्हा आयोगातही प्रयोगशाळेचा प्रश्न बऱ्याच वेळा उरणार नाही. आणि दुकानात मॉनिटर घेताना तो लावून, पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग दाखवून देणं सक्तीचं करावं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ग्राहक चळवळीला महाराष्ट्रात पन्नास वर्षं होऊन गेली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. त्या काळी लढा वजनमापांचा आणि भेसळीचा होता. आज वस्तू बदलल्या आहेत. ग्राहक संघटनांनीही आपल्या तक्रार केंद्रांवर आलेल्या पडद्यांच्या तक्रारी एकत्र करून प्राधिकरणाकडे पाठवाव्यात, अशी त्यांनाही या पत्रातून विनंती आहे.

डार्क पॅटर्नच्या वेळी ठेवला होता तसा याही विषयावरचा मसुदा लोकांसमोर ठेवावा आणि तो मराठीसह इतर भारतीय भाषांतही द्यावा. त्यावर लेखी अभिप्राय मी स्वतः पाठवेन, आणि माझ्या ओळखीतले अक्षरजुळणीकार, छायाचित्रकार आणि दुकानदारही पाठवतील.

कळावे,
आपली विश्वासू,
मराठी मजकुराची अक्षरजुळणी करणारी एक ग्राहक,
सातारा